एकटीची सही

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात काळा कोट घालणाऱ्या बायका तेव्हा मोजून चार-पाच. त्यांतल्या सर्वांत जुन्या वकिलीणबाईंच्या हाताखाली मी काम शिकत होते. सगळं कोर्ट त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. कारकून, शिपाई, समोरचे वकील, कधी चुकून न्यायाधीशसुद्धा. पन्नाशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, बोलायला कडक. धंतोलीतल्या घराची पुढची खोली हेच त्यांचं ऑफिस. सकाळी आठला मी तिथे पोचायचे, फाइली लावायचे, तारखा डायरीत उतरवायचे, आणि साडेदहाला आम्ही दोघी सायकलरिक्षाने कोर्टाकडे निघायचो.

माझं काम चोख आहे असं बाई म्हणायच्या. मला मात्र ते वर्ष कानात कापूस घालून ठेवल्यासारखं आठवतं. पक्षकार समोर बसून रडायचे, मी पाण्याचा पेला पुढे करायचे आणि कुठल्या तारखेला काय झालं ते विचारून लिहून घ्यायचे. मला काही वाटत नसे. काही वाटत नाही, याचंही काही वाटत नसे.

ती मार्चच्या सुरुवातीला आली, उमरेडहून, भावाबरोबर. तिशीची असेल. माहेर उमरेडचं, सासर कामठीचं, दोन्ही घरं विणकरांची. सासरचा हातमाग कधीच बंद पडला होता. नवरा पॉवरलूमवर जायचा आणि ती घरी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लहान रिळांवर सूत गुंडाळायची. खुर्चीच्या कडेवर बसून बोलताना तिचा उजवा हात मांडीवर सारखा गोल फिरत होता. बाईंनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, तेव्हा तिने तो पदराखाली घेतला.

नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता. कारण दिलं होतं क्रूरता. पत्नीने पतीला अंधारात ठेवून, त्याच्या संमतीशिवाय, सरकारी दवाखान्यात गर्भपात करून घेतला आणि त्याचं अपत्य नष्ट केलं, असं त्यात टाइप केलेलं होतं.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि तिला सांगायला लावलं.

चार मुलं होती. चौथ्या बाळंतपणात तिला झटके आले आणि दोन दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की पुढचं बाळंतपण जिवावर बेतेल, दोघांपैकी कुणीतरी ऑपरेशन करून घ्या. पण ते दिवस नसबंदीच्या गाड्यांचे. गाडी मोहल्ल्यात शिरली की पुरुष मागच्या दाराने पळायचे. तिचा नवरा एकदा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कन्हान नदीच्या काठी झुडपात बसून राहिला होता. आणीबाणी संपली, गाड्या थांबल्या, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की तो उठून बाहेर जायचा. स्वतःचंही नको आणि तिचंही नको. आणि मग तिला पाचव्यांदा दिवस गेले.

"मी त्याले सांगतलं," ती म्हणाली. "म्हटलं, या खेपेले मी वाचत नाही. तो म्हणे, पाहू. पाहू म्हणजे काय जी बाई? दिवस तं वाढूनच राहिले होते."

माहेरी जाते असं सासूला सांगून ती एकटी नागपूरला आली आणि दवाखान्यात गेली. तिसऱ्या दिवशी कामठीच्या बसने घरी आणि चौथ्या दिवशी पुन्हा कांड्यांवर. दवाखान्याचा कागद तिने पेटीत लुगड्याखाली ठेवला होता. महिन्याभराने तो नवऱ्याच्या हाती लागला. त्याने शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला. मारलं नाही, तिने हे मुद्दाम सांगितलं. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा मोठा भाऊ आला, त्याने तिला बसमध्ये बसवून उमरेडला सोडलं. मुलं कामठीलाच ठेवून घेतली.

बाईंचा चेहरा मी इतका जागा कधी पाहिला नव्हता. गर्भपाताचा कायदा होऊन काही वर्षं झाली होती. त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. पण दवाखान्यांतून नवऱ्याची सही मागायचा रिवाज तसाच चालू होता, आणि त्या एकटीच्या सहीला कोर्टात किती वजन आहे हे नागपुरात अजून कुणी तपासून पाहिलं नव्हतं. बाई तिच्या भावाला समजावून सांगू लागल्या. हा अर्ज मंजूर झाला तर उद्या कुठलीही बाई जीव वाचवायला दवाखान्यात जाताना दहादा विचार करेल. घटस्फोट होऊ द्यायचा नाही, शेवटपर्यंत लढायचं. फी वगैरेचं पाहू नका. भाऊ हात जोडून बसला होता. ती मान हलवत होती. मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं: पक्षकाराची सूचना, अर्जाला विरोध करणे.

दुपारी तिने आणलेले कागद मी लावत होते. संमतीच्या कागदाची नक्कल त्यात होती. तिची सही ठळक, एकेक अक्षर सुटं, तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाची. तिच्याखाली कुणीतरी हाताने रेघ मारून 'पती' असं लिहिलं होतं. रेघेवर काही नव्हतं.

माझ्या कागदावर ती रेघ भरलेली होती. सहा-सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा दीड वर्षाचा होता, वकिलीत पाऊल टाकून वर्ष झालं नव्हतं, आणि संततिनियमनाचं साधन फसलं. कायद्यात बसणारं कारण होतं. मला ते मूल नको होतं आणि नवऱ्यालाही नको होतं, त्यामुळे घरात एक शब्द वाढला नाही. खासगी दवाखान्यातल्या नर्सने माझी सही झाल्यावर कागद माझ्या हातातून घेतला आणि ह्यांच्यापुढे धरला. फक्त बाईची सही लागते हे मला पाठ होतं, परीक्षेत त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. मी काही बोलले नाही. ह्यांनी पेन काढून सही केली, बँकेत उशीर होतोय म्हणाले आणि गेले. संध्याकाळी रिक्षाने मला घरी आणलं, येताना माझ्यासाठी मोसंबी घेतली. वाईट असं कुणीच वागलं नव्हतं. बाईंना मी दोन दिवस ताप होता असं सांगितलं. तो कापूस तेव्हापासूनचा.

सुनावणी बंद दाराआड झाली. असे खटले तसेच चालतात. खोलीत न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, लघुलेखक, शिपाई आणि ते दोघं, एवढेच. पंखा फिरत होता पण हवा हलत नव्हती. नवरा पहिल्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहिला. किडकिडीत, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मी त्याची कल्पना वेगळी केली होती.

बाईंनी उलटतपासणीत विचारलं, पुढचं बाळंतपण धोक्याचं आहे हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की नाही. सांगितलं होतं, असं त्याने कबूल केलं. मग तुम्ही काय केलंत, असं त्यांनी विचारलं.

"मले वाटलं, होऊन जाईन काहीतरी," तो म्हणाला. "पण ते माह्यंही लेकरू होतं. मले विचारा लागत होतं."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असता?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

"मालूम नाही जी," तो म्हणाला. आणि रडायला लागला. शिपायाने पाणी दिलं. मी वहीत 'मालूम नाही' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली, कारण ते आमच्या कामाचं होतं.

पुढच्या तारखेला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या, कागद बंद पाकिटात घेऊन. जीव धोक्यात होता हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. समोरच्या वकिलांनी त्यांना विचारलं की तुमच्याकडे नवऱ्याची सही घेतात ना, मग या वेळी का घेतली नाही. त्या म्हणाल्या, घेतो ती पुढे भानगड नको म्हणून, कायद्यात तसं काही नाही, आणि नवऱ्याची वाट पाहिली असती तर आणखी महिना गेला असता. एवढं बोलून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर पडताना त्या तिच्या खुर्चीपाशी थांबल्या आणि आता अंगावर सूज येते का, असं हळूच विचारून गेल्या.

तिची पाळी आली तेव्हा ती एवढ्या हळू बोलत होती की न्यायाधीशांनी तिला दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. समोरचे वकील तिला लपवाछपवीवरून धरत होते. माहेरी जाते असं खोटं का सांगितलं, कागद का लपवला, मनात पाप नव्हतं तर उघड का गेली नाही.

"सांगून गेली असती तं जाऊ दिलं असतं काय?" ती शेवटी म्हणाली. त्यानंतर त्यांनी फारसं विचारलं नाही.

युक्तिवादाच्या दिवशी समोरच्यांनी दुसऱ्या एका उच्च न्यायालयाचा निकाल वाचून दाखवला. बाई उठल्या तेव्हा त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. त्या म्हणाल्या, "जीव जाणार होता तो हिचा एकटीचा. म्हणून कायद्याने सही मागितली ती हिची एकटीची." मग त्यांनी कलम सांगितलं, वैद्यकीय पुरावा सांगितला आणि खाली बसल्या. मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

निकाल पुढल्या फेब्रुवारीत लागला. अर्ज फेटाळला. जीव वाचवण्यासाठी आणि कायद्याने दिलेल्या मुभेत पत्नीने घेतलेला निर्णय ही क्रूरता होत नाही, पतीची संमती कायद्याने आवश्यक नव्हती, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. बातमी आमच्याआधी बाररूममध्ये पोचली. कोपऱ्यातल्या टेबलापाशी आम्ही बायका बसायचो, तिथे एकीने संत्रा बर्फीचा पुडा उघडला. बाईंच्या पाया पडायला एक नवी मुलगी वाकली, तिला त्यांनी रागावून उठवलं. पण त्या हसत होत्या. आता हा निकाल दाखवून दवाखान्यांना पत्रं लिहायची, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

ती बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. भाऊ नकलेचा अर्ज द्यायला गेला होता. बाई बर्फीचा तुकडा घेऊन तिच्याकडे गेल्या, मी मागोमाग. तिने बर्फी हातात घेतली, खाल्ली नाही.

"म्हणजे आता मी त्याची बायकोच आहे ना जी?" तिने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "तुला कोणी काढू शकत नाही."

"मंग मले आता तेथीच जा लागन."

बाईंना कळलं नाही. मलाही कळायला वेळ लागला. ती सावकाश, कुणाला दोष न देता बोलत होती. "मले तो नको होता, बाई. त्यानं 'पाहू' म्हटलं, त्या दिवसापासून नको होता. मले माहे पोट्टे पाहिजे होते. तो सोडून देऊन राहिला होता, तं सोडू द्या लागत होतं."

"मग तू बोलली काहून नाही वं?" बाई म्हणाल्या. त्या कधी असं नागपुरी बोलत नसत.

"तुमी विचारलंच नाही जी."

समोरून लोक जात-येत होते. कुणीतरी बाईंचं अभिनंदन केलं, त्यांनी मान हलवली. मला फाइलचं पहिलं पान दिसत होतं, त्यावर माझं अक्षर. ती सूचना तिने दिलेली नव्हती. आम्ही वर्षभर तिच्या संमतीसाठी भांडलो होतो आणि तिची संमती घेतली नव्हती. एवढं ध्यानात येऊनही मला काही वाटलं नाही. मी फक्त उभी राहिले. मग शिपायाने आमच्या दुसऱ्या खटल्याचा पुकारा केला आणि बाई आत गेल्या. जाताना चष्मा त्यांच्या हातातच होता, डोळ्यांवर लावायचा विसरल्या होत्या.

त्याच आठवड्यातल्या रविवारी जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, की त्या दिवशी दवाखान्यात तुमच्या सहीची गरज नव्हती. ते घास घेता घेता थांबले. कुठली सही, हे त्यांना आठवायला थोडा वेळ लागला.

"मला कुठे माहीत होतं," ते म्हणाले. "पण तुला माहीत होतं, तर तू तिथे का नाही बोललीस?"

मी म्हटलं, ठाऊक नाही. आणि ते खरंच होतं. त्यांनी विचारलं की आता काही करायचं आहे का त्याबद्दल. मी नाही म्हटलं. त्यांनी मुलाला भात भरवला आणि दुपारभर ते माझ्याशी जरा जपून वागले. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही, पण त्या रात्री मला बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागली.

ती कामठीला परत गेली. बाईंनी तिला सांगून पाहिलं होतं की आपण मुलांसाठी वेगळा अर्ज करू, पोटगी मागू. तिने आता कोर्ट नको म्हटलं. पोरं तिथे होती, म्हणून गेली. एप्रिलमध्ये निकालाची नक्कल द्यायच्या निमित्ताने मी बसने कामठीला गेले. खरं तर नक्कल टपालाने पाठवता आली असती. ती अंगणात कडुनिंबाच्या सावलीत कांड्या भरत बसली होती. धाकटी पोर तिच्या पाठीला टेकून झोपली होती. तिने उठून मला चहा केला. नवरा कसा वागतो, विचारलं, तर म्हणाली की बोलत नाही. पगार आईच्या हातात देतो, जेवण आईकडून घेतो, पडवीत झोपतो. सासूही काही बोलत नाही.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. हा प्रश्न तिला वर्षभरापूर्वीच विचारायला हवा होता.

तिने सुताचं तुटलेलं टोक शोधलं, गाठ मारली. "काहीच नाही वाटत," ती म्हणाली. "हात चालून राहिले, बस."

मी तिच्याजवळ आणखी तासभर बसले. मलाही तसंच होतं, असं तिला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. ती माझी पक्षकार होती.

पावसाळ्यात ती धाकट्या दोघांना घेऊन उमरेडला निघून गेली. कुणी अडवलं नाही. आणि त्यानंतर सव्वा वर्षाने, दिवाळी आटोपल्यावर, एका सकाळी ती आणि तिचा नवरा असे दोघं मिळून धंतोलीच्या ऑफिसात आले. आधी मला वाटलं समेट झाला. तो दारातच उभा होता. ज्या बाईंनी त्याला पिंजऱ्यात रडवलं त्यांच्या घरात शिरावं की नाही, असं त्याला झालं असावं. बाईंनीच त्याला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली.

दोघांनी आपसांत ठरवलं होतं. मोठे दोघं त्याच्याकडे, लहान दोघं तिच्याकडे, सणावाराला सगळी एकत्र. दोघांच्या सहमतीने लग्न मोडता येतं असं उमरेडच्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तसा कायदा तेव्हा नवाच होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि तिला एकटीला विचारलं की तुला हेच पाहिजे का. नंतर तिला बाहेर पाठवून त्यालाही विचारलं. त्या दिवसापासून बाईंची ती पद्धतच झाली. पुढे माझीही झाली. काय पाहिजे, असं विचारल्यावर कित्येक बायका भावाकडे नाहीतर सासूकडे पाहतात. मग भावाला, सासूला बाहेर बसवावं लागतं आणि बराच वेळ थांबावं लागतं. काहींना तर दोन-तीनदा बोलवावं लागतं.

अर्ज मी लिहिला. कायद्याने सहा महिने थांबावं लागलं. शेवटच्या तारखेला न्यायाधीश दुसरे होते. त्यांना जुन्या खटल्याची काही कल्पना नव्हती. त्यांनी नेमाप्रमाणे दोघांना विचारलं की कुणाच्या दबावाखाली तर नाही ना. दोघंही नाही म्हणाले. पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

त्या दिवशी चारही मुलं आली होती. कोर्टाबाहेर झाडाखाली तिने घरून आणलेल्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, आणि सगळी तिथेच जेवली, तोही. मला भूक नव्हती, तरी तिने अर्धी भाकर हातावर ठेवली, ती मी खाल्ली. जेवून झाल्यावर त्याने धाकटीला उचलून घेतलं. ती आधी लाजली, मग त्याच्या केसांतले तंतू ओढू लागली. थोड्या वेळाने त्याने तिला खाली ठेवलं आणि मोठ्या दोघांना घेऊन कामठीच्या बसकडे निघाला. जाताना तो तिला म्हणाला की उमरेडले पोचली की चिठ्ठी टाकजो. ती हो म्हणाली.

मग तिने फडकं झटकून पिशवीत घातलं, लहान दोघांची तोंडं नळावर धुतली आणि मला विचारलं की उमरेडची गाडी इथूनच मिळेल की स्टँडवर जावं लागेल. मी म्हटलं, स्टँडवर. रिक्षा थांबवून दिली. दुपारच्या कामाला अजून दहा मिनिटं होती. मी हात धुतले आणि वर गेले.